हनुक्याचं तेल

दीनाबाईंनी पहिली चपटी कढईत सोडली आणि ती फुटली. बटाट्याचा कीस तेलभर पसरला.

"पाणी पिळलंस का?" पाटावर बसलेल्या सेगुलाबाईंनी विचारलं.

"चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही, आई."

"चिठ्ठीला कढईतलं काय कळतंय?" सासूबाईंनी उरलेला कीस धुतल्या फडक्यात बांधला आणि असा पिळला की पातेल्यात वाटीभर पाणी जमलं. मग कांदा, अंडं आणि मूठभर ज्वारीचं पीठ. दुसरी चपटी धड निघाली.

चिठ्ठी दीनाबाईंच्या मुंबईच्या बहिणीची होती. हनुक्याला, आपल्या यहूद्यांच्या आठ सांजांच्या दिव्यांच्या सणाला, जर्मनीतले यहूदी बटाट्याच्या चपट्या तळतात, हे तिने तिथल्या शेजारणीकडून शिकून चार पानं भरून कळवलं होतं. तळायला हंसाची चरबी घ्यावी, असंही त्यात होतं. आता सोलापुरात हंस कुठून आणावा? शेजारच्या घरातल्या सरस्वतीच्या तसबिरीत होता तेवढाच. सासूबाई हे ऐकून दोन दिवस हसत होत्या. त्यांनी स्वतः गुरुबसप्पाच्या घाण्यावर जाऊन करडईचं तेल आणलं होतं, तळहातावर थेंब चोळून, हुंगून.

एवढा खटाटोप होता डॉक्टर लेवीबाईंसाठी. हिटलरच्या राज्यातून सुटून त्या दोन महिन्यांपूर्वी इथल्या इस्पितळात नोकरीला आल्या होत्या. खऱ्याखुऱ्या, युरोपातल्या यहूदी बाई आपल्या घरी जेवणार! दीनाबाईंनी पितळी दिवटी चिंचेने घासून सोन्यासारखी केली होती, आणि तिच्या आठही वाट्यांत तेल घालून वाती सोडल्या होत्या.

"आज तिसरी सांज. तीनच वाट्या भर," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"रांग भरलेली चांगली दिसते. किती लावायचे ते त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असणार."

मग आवाज खाली आणून दीनाबाईंनी मुख्य गोष्ट सांगितली.

"आई, एक ऐका. आपल्या गावचं, रेवदंड्याच्या घाण्याचं काही बोलू नका आज."

"का गो? माझ्या सासऱ्यांचा घाणा होता. शनवार देवाचा वार, म्हणून त्या दिवशी बैल सोडायचे, त्यावरून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. चोरी केली काय?"

"मुंबईच्या लग्नात त्या परक्या यहूदी बाईने काय विचारलं, विसरलात? तुम्ही खरे यहूदी, की बाटलेले तेली?"

सेगुलाबाईंनी फडकं पुन्हा पिळलं, त्यात काही उरलं नव्हतं तरी.

दिवेलागणीला लेवीबाई आल्या. उंच, वाळलेल्या, अंगावर जाड काळा कोट. दीनाबाई अलिबागच्या मिशन शाळेत शिकलेल्या, त्यांनी ठरवून ठेवलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "आज दिवे आपण लावावेत. आम्हाला मान वाटेल." आणि बाकीचे दिवे लावायला मधोमध ठेवलेली जळती वात त्यांच्या हाती दिली.

बाईंनी पहिला दिवा लावला. दुसरा, तिसरा. मग चौथा.

"अगो, आज तिसरी..." सासूबाई पुटपुटल्या. बाई पाचवा लावत होत्या. आठवा लागला तेव्हा दिवटी झगझगत होती. सेगुलाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन हिब्रू प्रार्थना सुरू केली. पाहुणीचे ओठ हलले नाहीत.

"माझं काही चुकलं?" प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं.

दीनाबाईंना खोटं बोलता येईना. "रोज एक वाढवायचा असतो. आज तीन."

बाईंचा चेहरा उतरला. "आमच्या घरी कुणी दिवे लावत नसे. डिसेंबरात आम्ही नाताळचं झाड आणायचो. आम्ही यहूदी आहोत हे आम्हाला पोलिसांनी येऊन सांगितलं." त्या वाकल्या, जास्तीचे दिवे फुंकायला.

दीनाबाईंनी त्यांचा हात धरला. दोन दिवस पाठ केलेली सगळी इंग्रजी वाक्यं त्या क्षणी दीनाबाई विसरल्या आणि सुचेल तशा इंग्रजीत बोलल्या.

"विझवू नका. उद्या पुन्हा भरू. आमच्याकडे तेलाला तोटा नाही, बाई. माझ्या नवऱ्याचे आजोबा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, कोणी सांगायला नव्हतं तरी. गाव आम्हाला म्हणायचं..." याला इंग्रजी शब्द नव्हता. "शनवार तेली," त्या म्हणाल्या, अभिमानाने आणि मोठ्याने.

सेगुलाबाईंनी मान वर केली. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळलं. सुनेकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि चुलीपाशी जाऊन गरम चपटी पाहुणीच्या ताटात आणून वाढली.

बाईंनी घास मोडला. चावता चावता थांबल्या, डोळे पुसले आणि दुसरी मागितली.

"विचार तिला," सेगुलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हंसाची चरबी पायजे का अजून?"