म्हसोबाला उजवं ठेवून

माझ्याच्याने एका जागी बसवत नाही. लहानपणी मिशनच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, मार्थाच्या पायाला भिंगरी बांधलीय. म्हणूनच पोरांच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी आमच्या घरात कामं वाटली गेली, तेव्हा माझ्या वाट्याला वळण आलं. माझ्या लेकीने, मरियाने, गाडी चालवायची, तिच्या धाकट्या भावाने, योसेफने, ती ढकलून सुरू करून द्यायची, यांनी इंजिन सांभाळायचं आणि मी वळणावर उभं राहून कोणतं चाक उचलतंय, गाडी कुठे घसरतेय ते पाहून सांगायचं. हे म्हणाले, "तू तशीही बसणार नाहीस. निदान डोळे तरी कामाला लाव."

हे म्हणजे दानीएल मिस्त्री, भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात. लढाईच्या दिवसांत तिथल्या साहेबलोकांनी आपल्या मुलांसाठी हा खेळ काढला होता. भंगारात निघालेलं लहानसं पेट्रोल इंजिन, पत्र्याचे डबे ठोकून केलेलं अंग, ढकलगाडीची चाकं. सगळी मिळून गाडी एका बाजेएवढी. आधी साहेबांची पोरं पळाली, मग मिस्त्र्यांची, मग छावणीला गवत पुरवणारे काष्टीचे आबासाहेब होते, त्यांचा मुलगा श्रीमंत. एकेका गाडीमागे एकेक घर राबायचं. आमच्याकडे जेवायला बसलं की चेन आणि टायर, दुसरं बोलणंच नाही. कालवणात मीठ कमी पडलं तरी कुणाला कळायचं नाही. मी कुरकुर करायचे, पण खरं सांगते, मलाही त्याशिवाय करमायचं नाही.

नियम एकच होता. बारा वर्षं पूर्ण झाली की गाडीतून उतरायचं. मरियाला जानेवारीत बारा पूर्ण होणार होती. चार वर्षं ती पळत होती आणि एकदाही पहिली आली नव्हती. दर वेळी श्रीमंत पुढे आणि ही त्याच्या धुरात. दुसऱ्या नंबरचं जे काही मिळे ते घरी आणून ती बाजेखाली ढकलून द्यायची. तिला एकदा जिंकायचं होतं. मी भाकरी थापत असले की शेजारी उकिडवी बसून म्हणायची, "एकदाच गं आई, फक्त एकदा." जणू ते माझ्याच हातात होतं.

सेहेचाळीसच्या नाताळात शेवटची शर्यत ठरली. गोऱ्यांची कुटुंबं विलायतेच्या वाटेला लागली होती, छावणीचं मैदान आता मिळणार नव्हतं. आबासाहेबांनी निरोप धाडला, काष्टीला आमच्या माळावर या, मी जागा करून देतो. यांनी उलट पन्नास चौकश्या केल्या. माती कसली, धूळ किती, वळण केवढं रुंद, दगड वेचले का. आबासाहेबांनी खळ्यासारखी जमीन चोपून घेतली, वर पाणी मारलं. यांनी सगळं विचारलं, पण कोणत्या हाताने पळायचं, एवढं काही विचारलं नाही. छावणीत गाड्या कायम डाव्या हाताला वळत. आजवर कुणी उजवीकडे वळलं नव्हतं, मग विचारणार कशाला?

आणि यांनी खपून खपून ती गाडी डाव्या वळणासाठी अशी बांधली की बघत राहावं. इंजिन डावीकडे सरकवलं आणि तिथेच पक्कं जोडून टाकलं. बैठक डावीकडे घेतली. डावी चाकं लहान, उजवी मोठी. भिंगारच्या रस्त्यावर गाडी नुसती सोडली तरी ती आपणहून डावीकडे वळायची आणि लोकांच्या ओट्याला जाऊन धडकायची. "आता श्रीमंत मागे पडला म्हणून समज," हे म्हणाले.

"अति तिथे माती," मी म्हटलं.

"तू वळणावर उभी राहा," हे म्हणाले.

काष्टीचा माळ खरंच झकास केला होता. कडेला ज्वारी उभी, तिच्या बांधावर माणसं दाटीवाटीने बसलेली, झाडांवर पोरं. मधोमध एक बाभूळ आणि तिच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड. तो म्हसोबा. आम्ही ख्रिस्ती माणसं, शेंदूर दिसला की आदबीने बाजूने जावं एवढंच आम्हाला ठाऊक. तो दगड आमच्या शर्यतीत पडेल असं काही माझ्या मनात आलं नाही.

आबासाहेबांच्या मंडळी केशरबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. नारळ फोडला, सगळ्या पोरांच्या हातावर खोबरं ठेवलं. मरियाने माझ्याकडे बघत बघत ते तोंडात टाकलं, मी दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात योसेफने आमची गाडी रेघेवर आणून लावली.

"आरं लेकरा," केशरबाई म्हणाल्या, "गाडीचं त्वांड उलटं केलंस की."

"असंच असतं बाई," हे म्हणाले. "डाव्या हाताने पळायचं."

"म्हसोबाला डावं घालून?" केशरबाईंनी ताट खालीच ठेवलं. "आवो मिस्त्री, डावं फिरत्यात ते सरनाभवती. माजं लेकरू बसनार हाय त्या गाडीत. आन तुमचंबी. न्हाई, ते न्हाई व्हायाचं. देवाला उजवं ठिवूनच पळायचं."

हे आबासाहेबांकडे वळले. आबासाहेब बिचारे खरोखरच चकित झाले होते. "मला वाटलं तुमाला ठावं आसंल," ते म्हणाले. "देवाभवती दुसरं कसं फिरत्यात, मिस्त्री?"

यांना वाटलं होतं जगात सगळे डावीकडेच वळतात, आबासाहेबांना वाटलं होतं उजवीकडेच. मला दोघांचाही राग आला आणि हसूही आलं. पण मरियाकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

बाकीच्या गाड्या साध्या सरळ बांधणीच्या होत्या. तोंड फिरवलं की त्या उजवीकडे पळायला मोकळ्या. अडकलो ते आम्हीच. आबासाहेबांनी थांबायची तयारी दाखवली. हे आणि योसेफ मातीत लोळून कामाला लागले. चाकांची अदलाबदल झाली, बैठक उजवीकडे घेतली. मी पाना दे, खिळा दे, पाणी दे, असं करत नुसती येरझाऱ्या घालत होते. इंजिन मात्र हलेना, तेवढ्या वेळात ते हलण्यासारखं नव्हतंच. सगळं वजन डाव्या बाजूला. योसेफने मागून ढकलली, यांनी हात लांब करून स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, तशी उजवी चाकं अर्धा हात वर आली.

हे उठून उभे राहिले. अंगावरची माती झटकली. "नाही," म्हणाले. "वळणावर ही डावीकडे कलंडणार. मी माझी पोर हिच्यात बसवत नाही."

"मी उजवीकडे बाहेर वाकेन," मरिया म्हणाली. "पार बाहेर. मग नाही कलंडणार."

"नाही म्हटलं ना."

"बाबा, जानेवारी आली."

एवढंच बोलली. रडली नाही, पाय आपटले नाहीत. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, दोन धपाटे घालून गप्प केली असती. ती नुसती गाडीचं स्टिअरिंग बाहेरून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं मी नाहीच म्हणणार. मी कायम नाहीच म्हणते. विहिरीवर नको, झाडावर नको, उन्हात नको. नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. पण त्या पोरीने स्टिअरिंग असं काही धरलं होतं की तिथून ते सोडवायचं म्हणजे बोटं मोडावी लागली असती.

"जाऊ द्या तिला," मी म्हटलं.

"मार्था?" हे म्हणाले.

"जाऊ द्या म्हणते ना. लवकर. नाहीतर माझं मन बदलेल."

रणगाड्यातल्या शिपायाची एक जुनी कातडी टोपी होती, आतून कापूस भरून मी ती तिच्या मापाची करून दिली होती. तिचा पट्टा हनुवटीखाली बांधायचं काम माझं. बांधताना मरिया हळूच म्हणाली, "आई, मग तू तोंड फिरवून बस."

"काय?"

"वळणावर तू हात करतेस. हळू, हळू असा. तो दिसला की माझा पेट्रोलवरचा पाय आपोआप वर येतो. दर वेळी. श्रीमंत तिथेच पुढे जातो."

मला असा संताप आला म्हणता. आईचा हात आहे, तो काय कनवटीला खोचून ठेवायचा? चार वर्षं उन्हातान्हात वळणावर उभी राहिले ते काय मौज म्हणून?

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तू रागावशील म्हणून."

"रागावलेच आहे!" मी म्हटलं. पट्टा जरा जास्तच आवळला गेला, तो सैल केला. "फिरवते तोंड. दिला शब्द. मात्र परत ये."

बांधाच्या टोकाला एक धोंडा होता. त्यावर ज्वारीकडे तोंड करून आणि शर्यतीकडे पाठ करून मी बसले. आख्ख्या गावाचं तोंड एकीकडे, माझं एकटीचं दुसरीकडे. केशरबाई मागून म्हणाल्या, "का वो बाई, तिकडं काय हाय? हिकडं बगा की!"

"मला नाही बघायचं," मी म्हटलं. त्यांना वाटलं असणार, मिस्त्र्याची बायको डोक्याने जरा कमी आहे.

गाड्या सुटल्या. आमच्या इंजिनाचा आवाज मी शंभरात ओळखेन, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आहे तो. आवाज लांब गेला, वळून जवळ आला, माझ्या मागच्या वळणावर आला आणि खाली बसला. पाय उचलला होता तिने. मी इथे पाठ करून बसलेय आणि तरी उचलला! मेली सवय. पुढच्या फेरीलाही तेच. श्रीमंतचा आवाज तिच्या पुढे निघून गेला, काष्टीची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. मी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. ज्वारीचं एक पान ओढून त्याच्या चिंध्या केल्या. मान आपोआप वळायला बघत होती, तिला धरून कोण ठेवणार? मी डोळे मिटले. देवा, देवा, एवढंच म्हणत होते. पुढची प्रार्थना काही सुचेना.

मग एका फेरीला आवाज वळणावर आला आणि खाली बसलाच नाही. तस्साच चढत गेला. बांधावरची माणसं एकदम उठली. त्याच्या पुढच्या फेरीलाही तसाच. आता श्रीमंतचा आवाज आणि आमचा खोकला एकमेकांत मिसळायला लागले. कुणी ओरडलं, "आरं, पोरगी निम्मी भाईर हाय!" कुणी म्हणालं, "चाक उचललं, उचललं!" मी धोंड्यावरून अर्धी उठले. मग एकदम कल्ला झाला, "गेली! गेली!" कुठे गेली, पुढे गेली की उलथून गेली, काही कळेना. पण मागे तो खोकला चालूच होता. आवाज आहे तोवर पोर आहे, असं मनाशी म्हणत मी पुन्हा खाली बसले. वळले नाही.

सगळे आवाज बंद झाले तेव्हा हे धावत आले. कधी न रडणारा माणूस, रडत होता. "पहिली," एवढंच म्हणाले आणि माझ्या शेजारी मातीतच बसले. तोवर केशरबाईंनी मरियाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती, पोटचा पोर हरला असताना. मी पोचले तर मरिया गर्दीत उभी, सगळं तोंड धुळीने माखलेलं, दात तेवढे पांढरे. उजवा कोपर जमिनीला घासून सोलून निघाला होता. मी आधी कोपर पाहिला, मग पोरीला धरलं.

आबासाहेबांच्या ट्रकमधून गाडीसकट आम्ही भिंगारला निघालो. वाटभर तेच. योसेफ चाक कसं उचललं ते अंगाने करून दाखवत होता. हे सांगत होते, शेवटून दुसऱ्या फेरीला तिने आतून कशी घातली. योसेफ म्हणे बाहेरून. दोघं भांडले. मी आपली, "मग? मग पुढे काय झालं?" एकाच फेरीचं मला चारदा ऐकायचं होतं. मरिया कोपराला फडकं बांधून माझ्या अंगाला रेलून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"आई, खरंच एकदाही वळून बघितलं नाहीस?"

"नाही," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "तुला शब्द दिला होता ना!"

ती फडक्याची गाठ सोडत बसली, पुन्हा बांधत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा तरी बघायचं ना गं."