खांब, चुना आणि मुंग्यांचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एका प्राचीन जैन मंदिराचा जुना खांब आहे. वय विचारू नका; हजाराच्या पुढे मीही मोजायचं सोडून दिलं. पाथरवटांनी मला काळ्या दगडातून घडवलं, पोटावर सात ओळी कोरल्या आणि तीर्थंकरांच्या गाभाऱ्यासमोर उभं केलं. येणारा जाणारा थांबून त्या ओळी वाचायचा. मी जरा फुशारलोही होतो.

पुढे लिपी बदलली. वाचणारे संपले, पण भक्ती संपली नाही. त्या भक्तीपोटीच लोकांनी मला दरवर्षी चुना फासला. थरावर थर चढले, अक्षरं बुजली. माझं बोलणंच बंद झालं. फार वाईट वाटायचं.

मागच्या वर्षी मंदिराची दुरुस्ती निघाली. देखभाल करणाऱ्या काकांनी गवंड्याला बोलावलं. तो घासायचं मशीन घेऊनच आला.

"काका, दोन तासांत आरशासारखा करतो बघा!"

चुन्याबरोबर माझ्या ओळीही जाणार होत्या. माझा जीव टांगणीला लागला.

इतक्यात काकांनी चष्मा पुसून जवळून पाहिलं आणि ते ओरडलेच, "थांब, थांब! इथे मुंग्यांचं बिऱ्हाड आहे. अंडीसुद्धा दिसतायत."

"मुंग्यांसाठी काम बंद? लोक हसतील मला!"

"हसू देत. जीव मारून आलेली चकाकी मंदिरात नको. त्यांच्या त्या जातील. तोवर तू फरशी बसव."

गवंडी कपाळाला हात लावून फरशीकडे वळला. मुंग्या मात्र पोकळ झालेला चुना कणाकणाने उकरून बाहेर टाकत होत्या. आठव्या दिवशी त्या अंडी घेऊन निघून गेल्या आणि चुन्याचा एक पापुद्रा आपोआप गळून पडला. खाली अक्षरं होती!

काकांची पुतणी जुन्या लिप्या शिकलेली. तिने मऊ कुंचल्याने दोन आठवडे हळूहळू चुना काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, "हा खांब अकरा पाथरवटांचं दान. दिवसाचं काम आटोपल्यावर रोज थोडा वेळ राबून त्यांनी तो घडवला." पुढे अकरा नावं होती.

गवंडी माझ्याजवळ सरकला. मग म्हणाला, "ताई, नावं परत वाचा ना. आमच्यासारख्यांची नावं कोण कोरतं हो?"

तिने परत वाचली. त्याने मशीन उचलून गाडीत ठेवलं.

मित्रांनो, जुनं काही उजळायला निघालात तर आधी थांबून नीट बघा. तिथे कुणी राहत असेल, कुणाचं नाव असेल. गवंडी अजूनही येतो, पुतणीपाशी बसतो आणि माझ्यावरून बोट फिरवत शिकतो. अकरांपैकी सहा नावं आता तो स्वतः वाचतो.