बसून बोलू

धाकटीचा हिशेब सरळ होता. आपल्याकडे राहणाऱ्या आईला दादाने त्याच्या घरी नेलं, तर दुसऱ्या शहरातली बढतीची जागा आपली. नाही नेलं, तर सोमवारी साहेबांना ‘जमणार नाही’ म्हणायचं आणि त्याच टेबलावर केस पिकवायचे. दादा नाही म्हणत होता असं नाही. नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. “एकदा निवांत बसून बोलू,” एवढंच म्हणायचा, आणि ते बसणं काही केल्या घडायचं नाही.

म्हणून तिने त्याला या जुन्या घरात आणलं. कुणा व्यापाऱ्याचं घर, उंच इमारतींच्या मधोमध, डागडुजी करून संग्रहालय म्हणून उघडलेलं. आत शिरलं की बाणांमागून चालायचं, मधूनच बाहेर पडता येत नाही, फोन बंद. दादाला पळायला जागा नव्हती.

जागा नव्हती, पण पाय होते. तिने “आईचं...” म्हटलं की हा पुढच्या खोलीत. जेवणघरात तो काचेच्या भांड्यांवर बोलला, निजायच्या खोलीत पलंगाच्या नक्षीवर. जुनी फरशी जपायला बुटांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या करकरवत धाकटी आपली मागे मागे.

“दादा, सोमवारी सांगायचंय मला.”

“हो गं. पण ही काय बोलायची जागा आहे? इथे बसायला तरी आहे का कुठे?”

दारावर पाटी होती, ‘बैठकीची खोली’. खुर्च्यांना मखमल, मखमलीपुढे दोरी. धाकटीने दोरीचा आकडा काढला, आत गेली आणि सगळ्यात मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसली.

“ये. समोरची रिकामी आहे.”

घंटा ठणाणली. पहारेकरी धावत आला. “अहो बाई, उठा! दीडशे वर्षांची खुर्ची आहे ती!”

“आमचं बोलणंही तेवढंच जुनं आहे.”

माणसं जमली. कुणीतरी फिसकन हसलं. दादाचे कान लाल झाले. “चिमे, ऊठ. लोक बघतायत.”

“नेतोस का आईला?”

“तुझ्या वहिनीला विचारून...”

“ये विचारून. मी बसलेय.”

पहारेकरी रडकुंडीला आला. “साहेब, हो म्हणून टाका ना! माझी नोकरी जाईल.”

“नेतो!” दादा ओरडला. “रविवारी नेतो. ऊठ आता, माझे आई!”

ती उठली. दंड दादाने भरला, बोलणी पहारेकऱ्याने खाल्ली. वहिनीच्या कपाळावरच्या आठ्याही दादाच्याच खात्यात. बाकी सगळं आईच्या वाट्याला आलं: परकी खोली, नवा जिना, ओळखीचा आवाज नसलेल्या दुपारी. तिला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.