टॅनओक रस्त्याची पाटी

आमचा वेन्डेल माणसं हाकलण्यात एक नंबर. उन्हाळ्यात किनाऱ्यावरचे पर्यटक फोटो काढायला आमच्या डोंगरावर चढायचे आणि कचरा टाकून जायचे. म्हणून त्याने हमरस्त्यावरची ‘टॅनओक रस्ता’ ही पाटीच उपटली. सरकारने दुसरी लावली, तीही उपटली. या किनाऱ्यावर सगळेच उपटतात हो, त्यात आम्हाला मोठी मर्दुमकी वाटते.

एकट्या डेल्फिना म्हणाल्या होत्या, “अरे, उद्या मला काही झालं तर अँब्युलन्स कुठून वळणार?” त्यांचं घर सगळ्यात वर, रानाला लागून. नवरा गेल्यापासून त्या, त्यांची मातीची भांडी आणि ती भाजायची भट्टी.

“तुम्हाला काय धाड भरतेय? आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल,” वेन्डेल म्हणाला. मीही दात काढले.

ऑगस्टमध्ये पावसाचा थेंब नाही आणि नुसत्या विजा कोसळल्या. आतल्या रानात, जिथे गाडी जात नाही, तिथे आग धुमसत राहिली. वारा फिरला तशी ती आमच्याकडे उतरायला लागली. आम्हा सगळ्यांना खालच्या शाळेत हलवलं. आगवाल्यांनी डेल्फिनांना सांगितलं, तुमच्याकडे बंब पाठवतोय, अंगणात पाण्याची टाकी आहे, घर वाचेल. बिचाऱ्या त्या भरवशावर आमच्यासोबत शाळेत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, घर गेलं. भट्टीसकट सगळं.

बंबाचा कॅप्टन शाळेत आला तसा वेन्डेल त्याच्या अंगावर धावला. “काय रे, झोपा काढत होतात? म्हातारीचं घर जळत होतं तेव्हा कुठे तडमडला होतात?”

दूरच्या आयडाहो राज्यातून मदतीला आलेला तो माणूस, डोळे धुराने लाल. त्याने वेन्डेलकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी काढून डेल्फिनांपुढे उभा राहिला.

“बाई, माफ करा. हमरस्त्यावरून कितीदा वर-खाली केलं. फाटेच फाटे, धुरात काही दिसेना, फोनला रेंज नाही. तुमच्या रस्त्याची पाटी शोधत होतो. सापडली नाही. माझंच चुकलं.”

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. आमच्या डोंगरावरची सगळी मंडळी तिथे होती, सगळ्यांच्या माना खाली.

डेल्फिनांनी त्याचा हात धरला. “तुझं काही चुकलं नाही, बाळा. पाटी नव्हतीच तिथे.” कोणी काढली ते मात्र बोलल्या नाहीत.

मी वेन्डेलला कोपराने ढोसलं. “बोल ना! सांग की!”

त्याने घसा खाकरला. म्हणाला, “सरकारी काम हे असंच. एक पाटी धड लावता येत नाही यांना.”

आणि मी? मी त्याची बायको, मला सगळं ठाऊक. मीही खरं सांगितलं नाही.

डेल्फिनांची खाट आमच्या शेजारीच होती. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि कॅप्टनला म्हणाल्या, “बाळा, दमलायस खरा, पण माझी खाट जरा त्या पलीकडच्या भिंतीशी नेऊन देतोस का?”