वरची मूठ

रामनगरच्या शेतकरी संघाच्या गोदामात पोतं भरायची एक रीत होती. ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती, म्हणून सगळे ती बिनचूक पाळायचे. काट्यावर पंचवीस किलो भरले की शेतकऱ्यानं आपल्या हातानं वर आणखी तांदूळ टाकायचा. ह्याला वरची मूठ म्हणत. म्हणायची मूठ, टाकायचा किलोभर. मग पोत्याचं तोंड शिवायच्या आधी ज्याचे त्याचे हात आत जायचे. तोल करणारा गणपती खरोखरची एक मूठ घ्यायचा आणि आपल्या पेजेच्या डब्यात टाकायचा. त्याच्यानंतर सेक्रेटरी, अध्यक्ष आणि दोन संचालक नमुना काढायचे. नमुन्यासाठी लोखंडी नळी होती, टोकाला तिरपी कापलेली. ती तांदळात खुपसली की पोट भरूनच बाहेर यायची. इतकी वर्षं नमुने निघाले, त्यांचा भात होऊन जिरला, पण तांदूळ बरा होता की वाईट, एवढं शेतकऱ्याला कुणी कधी कळवलं नाही. शेवटी गणपती दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचा, आणि पोतं पुन्हा बरोबर पंचवीस किलोचं व्हायचं. सगळे खूश.

ह्या सुखाच्या संसारात सुंदरी वेळीपनं बिब्बा घातला.

सुंदरी अणशीच्या अलीकडच्या एका वाड्यातली, म्हणजे डोंगरातल्या लहानशा वस्तीतली. सहा वर्षं ती बेळगावात पिशव्यांच्या कारखान्यात कामाला होती. सिमेंट, चुना, रांगोळी, सगळ्याच्या कागदी पिशव्या तिनं चिकटवल्या. दोन वर्षांपूर्वी एकदा सणाला गावी आली, तर तिची मुलगी सुनयना तांब्याभर पाणी घेऊन आली, तो तिच्यासमोर ठेवला आणि पाहुण्यासमोर उभं राहतात तशी दाराला टेकून उभी राहिली. सुंदरीच्या काळजाला असा चटका बसला की तिनं बेळगावची पत्र्याची पेटी रिकामी केली आणि तिच्यात खुडूक कोंबडी बसवली. परत जायचा रस्ताच बंद.

पण हाताला काम तर हवं. वाड्यातल्या सहा बायका गोळा करून तिनं संघाची एक पडीक शेड मागून घेतली. संघानं ती दिली, कारण तिच्यात ठेवण्यासारखं काही नव्हतं. अट एवढीच, की ह्या सुगीपर्यंत पिशव्यांना मागणी आली नाही तर शेड परत. शेड गेली की सुंदरीला बेळगाव, आणि कोंबडीला दुसरी जागा.

पिशवी मात्र अशी, की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. जाड खाकी कागदाचे तीन थर एकात एक गुंडाळून नळकांडं करायचं. दोन्ही टोकं दुमडून मैद्याच्या खळीनं चिकटवून टाकायची. म्हणजे पिशवी वरूनही बंद आणि खालूनही बंद. मग भरायची कुठून? तर वरचं टोक दुमडताना एका कोपऱ्यात चार बोटांचं तोंड ठेवायचं आणि त्यात गुळगुळीत कागदाची वीतभर बाही आत सोडायची, सदऱ्याची बाही उलटी आत गेलेली असते तशी. नरसाळं त्या तोंडात घालायचं, तांदूळ सोडायचा. पिशवी गच्च भरली की आतल्या तांदळाचा भार बाहीवर येतो, बाही चपटी होते आणि तोंड आपोआप मिटतं. ना सुतळी, ना दाभण. उलटी करा, आपटा, दाणा सांडत नाही.

सेक्रेटरी महेशअण्णांना पिशवी फार आवडली. त्यांना तांदळाचं काही नव्हतं. प्लॅस्टिकमुक्त संघ म्हणून जोयड्याला, तालुक्याच्या गावी, एक समारंभ व्हायचा होता, आणि त्यात फोटो काढून घ्यायला त्यांना काहीतरी हातात धरायला हवं होतं.

"सुंदरीबाय, चाळीस पिशव्या भरून बगू," ते म्हणाले. "आठ दिस गोदामात ऱ्हाऊ देत. आठव्या दिवशी कमिटीसमोर तोलायच्या. पंचवीसच्या पंचवीस भरल्या तर सुगीला चार हजार घेतो."

"आणि न्हाई भरल्या तर?"

"तर शेडची किल्ली."

भरायच्या दिवशी गोदामात मोठी पंचाईत झाली. पहिली पिशवी भरली, काटा पंचवीसवर आला, सुंदरीनं नरसाळं काढलं आणि तोंड मिटलं. गणपती दाभण हातात धरून उभाच राहिला. शिवायला काही नव्हतंच. ज्याचा तांदूळ होता तो झिलू गावडा रीतीप्रमाणे सुपात किलोभर घेऊन पुढं आला होता. तो पिशवीच्या चारी बाजूंनी फिरला.

"ह्ये वरचं कुठं घालू?" त्यानं विचारलं.

"घरी न्या, झिलूकाका," सुंदरी म्हणाली.

झिलूनं घाबरून महेशअण्णांकडं पाहिलं. चाळीस वर्षांत गोदामात आणलेला तांदूळ घरी नेल्याचं त्याला आठवत नव्हतं. महेशअण्णा हातातली नळी कागदावर टेकवून विचार करत होते. गोणपाटाचं बरं असतं. नळी खुपसा, काढा, वरून हात फिरवा, विणीतले धागे पुन्हा जवळ येतात आणि झाल्या गोष्टीवर पडदा पडतो. कागदाला मात्र भोक पडलं की पडलं. जावयाच्या अंगावरच्या डागासारखं सगळ्यांना दिसत राहतं. फोटो तर काढायचा होता. त्यांनी नळी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ठेवा थप्पीला."

मग त्या आठ दिवसांत कमिटीला कामाचा असा उत्साह चढला की काय सांगावं. एरवी बैठकीला दोन निरोप पाठवावे लागायचे. पण सोमवारी अध्यक्ष शंकरराव स्वतः गोदामाची किल्ली मागून घेऊन पिशव्या तपासून गेले. बुधवारी एक संचालक आले, गुरुवारी दुसरे. शनिवारी महेशअण्णा. प्रत्येक जण एकटा आला, प्रत्येकानं दार आतून ओढून घेतलं, आणि जाताना खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहून सही केली, "पिशव्यांची तपासणी केली. ठीक आहेत." समारंभात दाखवायला वही हवीच होती.

आठव्या दिवशी सुंदरी सकाळच्या बसनं आली. सोबत सहाही बायका होत्या. दारात शेतकरी जमले होते. पहिली पिशवी काट्यावर चढली आणि आकडा आला तेवीस किलो नऊशे चाळीस. दुसरी तेवढीच, पाच ग्रॅम इकडं तिकडं. दहाव्या पिशवीपर्यंत आकडा तोच. एक किलो साठ ग्रॅम, प्रत्येक पिशवीत.

अध्यक्ष शंकरराव खुर्चीत नीट बसले. "तोंड नीट मिटत न्हाई," त्यांनी निकाल दिला. "गळती हाय."

"गळाली तर दाणं कुठं हायत?" सुंदरी म्हणाली. "बगा की खाली. फरशी चाटून घेतल्यागत हाय."

महेशअण्णांनी पिशवीच्या कोपऱ्यातल्या तोंडात बोट घातलं. ते सहज आत गेलं. "ह्ये बग. बोट जातंय. आपोआप मिटणारं तोंड म्हनं!"

"अण्णा, पिशवी गच्च हाय तवर असं सहज न्हाई जात. आतला माल कमी झाला की बाही सैल पडती आणि बोट जातंय. तोंड सैल म्हणून माल ग्येला न्हाई. माल ग्येला म्हणून तोंड सैल पडलंय."

"म्हणजे आमी चोर?" एक संचालक कडाडले. त्यांना तसं कुणीच म्हटलं नव्हतं. दारातल्या शेतकऱ्यांनी मान खाली घातली. महेशअण्णांनी शेडच्या किल्लीसाठी हात पुढं केला. सुंदरीनं ओच्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली, आणि तिच्या डोळ्यांपुढं दाराला टेकलेली सुनयना आली.

तेवढ्यात काट्याजवळून गणपती म्हणाला, "म्या घेतलीय."

सगळे वळले. गणपती साठीचा, वाळका, तीस वर्षं ह्याच काट्यावर. त्याला बिचाऱ्याला ह्यात लपवण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. "दर पिशवीची एक मूठ. कोपरा जरा वर केला, चार बोटं घातली की तळहातावर ओघळ येतीया. सोडली की तोंड आपसूक मिटतंय. लई झ्याक पिशवी हाय, सुंदरे. माझी हक्काची मूठ न्हवं ती? पयल्यापासून घेतोय की."

कमिटीला जणू देवच पावला. चारही चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. महेशअण्णांनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि आवाजात साय आणली.

"बग सुंदरीबाय, पिशवीत काय दोष न्हाई. दोष मानसात हाय. गणपतीला आजपासून घरी बसवू. पिशवी पास. चार हजार पिशव्या तुज्या."

खोटं कशाला, सुंदरीला क्षणभर बरंच वाटलं. शेड राहत होती, बायका राहत होत्या, मुलगी राहत होती. गणपतीमामा काही सख्खा मामा नव्हता, गावाच्या नात्यानं मामा. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो दाभण सदऱ्याला पुसून पुन्हा पुन्हा कनवटीला खोचत होता, आणि आपण नेमकं काय केलं हे अजून शोधत होता. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"मामा," ती म्हणाली, "एक मूठ घ्या. रोज घेता तशी. आणि लहान काट्यावर टाका."

गणपतीनं घेतली. काट्यानं साठ ग्रॅम दाखवले.

"साठ ग्रॅम मामाचं," सुंदरी म्हणाली. "मग किलो ऱ्हायला. मामाला त्यो येकट्याला घ्यायला हात किती लागतील?" भिंतीला टेकलेली नळी तिनं उचलली, आणि पिशवीच्या तोंडात घातली. ती अशी सुळकन आत गेली, जणू रस्ता तिच्या पायाखालचा असावा. बाहेर आलेला तांदूळ तिनं काट्यावर ओतला. अडीचशे ग्रॅम.

"पाव किलो," झिलू मोठ्यांदा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नमुन्याबद्दल काहीतरी कळलं होतं.

"किलोत पाव किलो किती वेळा?" सुंदरीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खिळ्यावरची वही काढून झिलूच्या हातात दिली. झिलूला वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्यानं सह्या नुसत्या बोटानं मोजल्या. सोमवारची एक, बुधवारची एक, गुरुवारची एक, शनिवारची एक. खाली प्रत्येक ठिकाणी, ठीक आहेत.

गंमत अशी, की सगळ्यात जास्त धक्का कमिटीलाच बसला होता. प्रत्येकाला वाटत होतं, पाव किलोनं काय होतंय, आपण एकटेच तर आहोत. पूर्वी वरच्या मुठीत चौघांचं झाकून जायचं. ह्या पिशवीला वरची मूठ टाकायला जागाच नव्हती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अध्यक्ष संचालकांकडं असे पाहू लागले, जणू त्यांच्याच घरात चोरी झाली आहे.

मग महेशअण्णांना सुचलं. ते उगाच सेक्रेटरी नव्हते.

"उंदीर!" ते म्हणाले. "गोदामात उंदीर झाल्यात." आणि इतिवृत्ताची वही ओढून त्यांनी भराभरा लिहिलं, की तूट उंदरांमुळे आली, पिशवीत दोष नाही, तोलणाराचा दोष नाही, सुगीसाठी चार हजार पिशव्या घ्याव्यात. एकाही पिशवीला न कुरतडता आत जाऊन पुन्हा तोंड मिटून येणारे उंदीर जगात दुसरीकडं कुठं नसतील. अध्यक्षांनी तत्काळ सही केली आणि वही सुंदरीपुढं सरकवली.

सुंदरीनं सगळं दोनदा वाचलं. "अण्णा, किती उंदीर त्ये लिवलं न्हाई."

"उंदीर कोन मोजतंय?"

"आत्ताच मोजलं की. समद्यांसमोर."

तिनं पेन घेतलं, 'उंदरांमुळे' ह्या शब्दाआधी 'चार' असं ठळक लिहिलं, आणि खाली सही केली. मग वही दोन्ही संचालकांपुढं धरली. दारात शेतकरी उभे होते, काट्यावर तांदूळ पडला होता. दोघांनी सह्या केल्या. शेवटी महेशअण्णांनी केली. ती नेहमीपेक्षा बारीक आली.

निघताना झिलूनं आपल्या पिशवीतून मूठभर तांदूळ काढला आणि सगळ्यांदेखत गणपतीच्या डब्यात टाकला. "ही रीत चालू दे," तो म्हणाला. महेशअण्णा एका चिंधीनं नळीला तेल लावत होते. गंजू नये म्हणून.

सुंदरी घरी पोहोचली तेव्हा सुनयना ओसरीवर बाह्या कापत बसली होती. खळीनं तिचे हात कोपरापर्यंत बरबटले होते. चार हजारांची गोष्ट ऐकून ती "व्हय?" म्हणाली आणि कातरी चालवतच राहिली.

"तहान लागलीय गं," सुंदरी म्हणाली.

"माजं हात भरल्यात," सुनयनानं मानही वर केली नाही. "घे की तुज्या हातानं, आई. तांब्या कुठं असतोय ठावं न्हाई व्हय तुला?"

सुंदरी आत गेली आणि आपल्या हातानं पाणी घेऊन घटाघटा प्याली.