डासांचा सिनेमा आणि तिसरा आग्रह

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'नको हो, उगीच तुम्हाला त्रास.' तिसऱ्यांदा विचारलं की मग जरा मान वाकडी करून, 'बरं, आता काढलंच आहे तर...' हे कुणी शिकवत नाही. मिनेसोटातल्या आमच्या गावात मूल दात येतायेताच हे शिकतं.

मी जन्मभर इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. अर्ध्या गावाला मी शिकवलंय, त्यामुळे म्हातारेकोतारे सोडले तर सगळे मला अजून 'बाई'च म्हणतात. निवृत्त झाल्यावर कॉमेट थिएटरात पॉपकॉर्न विकायला लागले. पगार नाही, पण सिनेमा फुकट. कॉमेटला पडदा एकच, आणि ते चालवते मार्व्हिस टोलेफ्सन, माझीच विद्यार्थिनी. वर मशिनच्या खोलीत एल्डन. तो माझ्याच वयाचा, म्हणजे त्याला शिकवायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी पूर्वेकडच्या एका संस्थेने आम्हाला अनुदान दिलं. अट सोपी होती. गमतीचा सिनेमा लावायचा, त्याआधी एखाद्या शास्त्रज्ञाने त्यावरून विज्ञान सांगायचं आणि लोकांनी प्रश्न विचारायचे. त्या पैशावर आमचं थिएटर हिवाळाभर गरम राहिलं. नाहीतर बर्फ पडायला लागल्यावर कॉमेटला कुलूपच लागलं असतं. पण शरद ऋतूत दगडांवर बोलायला जे गृहस्थ आले होते, त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. ते "काही प्रश्न?" म्हणाले, थोडं थांबले, टोपी घातली आणि निघून गेले. संस्थेच्या कानावर ते गेलं. संस्थेचे मिस्टर विटकॉम यांनी कळवलं, यावेळी मी स्वतः येतो. लोकांना रस नसेल तर पैसे दुसऱ्या गावाला दिलेले बरे.

"बाई, यावेळीही सगळे गप्प बसले तर?" मार्व्हिस मला म्हणाली. शाळेत फळ्यापाशी बोलावल्यावर तिचा चेहरा जसा व्हायचा, तस्साच झाला होता.

"डासांवर बोलणं आहे ना? मग कोण गप्प बसेल? अगं, डासांवर इथे प्रत्येकाचं मत आहे."

फेब्रुवारीतल्या शनिवारची दुपार. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि कॉमेटच्या पाटीवर सिनेमातला बसएवढा डास. सिनेमा जुना, काळा-पांढरा होता. त्यात तो डास एक अख्खं गाव पिऊन टाकतो. डासांवर बोलायला डॉक्टर पालोमा इबारा आल्या होत्या, थेट ॲरिझोनाच्या वाळवंटातून. बाई हसऱ्या, खणखणीत आवाजाच्या.

मार्व्हिसने ताट पुढे केलं. "डॉक्टर, लिंबाची वडी घेता?"

"वा! दोन घेते." आणि घेतल्यासुद्धा.

मार्व्हिसच्या भुवया केसांत गेल्या. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. कॉफीच्या भांड्यात एका कपापुरती कॉफी उरली होती. त्या एल्डनला म्हणाल्या, "तुम्ही घ्या ना."

"नको नको, मी ठीक आहे."

"बरं," म्हणून त्यांनी ती स्वतःच्या कपात ओतली. स्टँडवरून बस सुटावी आणि आपण खालीच राहावं, तसा एल्डन त्या कपाकडे बघत राहिला.

"हो म्हणायला काय झालं होतं?" मी त्याला हळूच म्हटलं.

"पहिल्याच झटक्यात? लोक म्हणतील, एल्डन हावरट झाला."

सिनेमागृह भरलं, पण आमच्या पद्धतीने, मागून पुढे. पुढच्या रांगा मोकळ्या, आणि अगदी पहिल्या रांगेत मिस्टर विटकॉम एकटे. चुकून भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखे दिसत होते.

डॉक्टर छान बोलल्या. चावते ती फक्त मादी, तिला अंडी घालायला आपलं रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. ("ऐकलंस?" मागे कुणाची तरी बायको नवऱ्याला म्हणाली. "त्यात माझा काय दोष?" तो म्हणाला.) लोक हसले, माना डोलावल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "काही प्रश्न?"

सारं चिडीचूप. कुणीतरी खोकलं.

"कुणालाच काही विचारायचं नाही?"

पॉपकॉर्नचं एक फूल कुणाच्या तरी हातून खाली पडलं. तेवढाच आवाज.

मिस्टर विटकॉमनी पेनला टोपण लावलं. दाराशी उभ्या मार्व्हिसने डोळे मिटून घेतले. डॉक्टर खांदे उडवून पडद्यापुढच्या मंचाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. मी मात्र लोकांकडे बघत होते. किती वर्षं वर्गापुढे उभी राहिले आहे. घशात अडकलेला प्रश्न मला लांबूनही दिसतो. पोरं खुर्चीच्या कडेवर आली होती. कोपऱ्यातल्या शेतकऱ्याचा हात मांडीवरून वर यायचा आणि कान खाजवून परत जायचा. रस नव्हता असं कोण म्हणेल? ही सगळी माणसं नुसती शहाण्यासारखी वागत होती.

मी उठले. "डॉक्टर, एक काम करा. एल्डनला कॉफी विचारा."

"आत्ता?"

"आत्ताच. ताजी केलीय."

त्या गोंधळल्या, पण भल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "एल्डन, कॉफी?"

मशिनच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "छे छे, नको."

"परत विचारा," मी म्हटलं.

"घ्या ना थोडी."

"कशाला उगीच, तुमचं काम चाललंय..."

"परत."

"एल्डन, घ्याच आता."

"बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप," एल्डन म्हणाला. "म्हणजे, पाऊण चालेल."

सगळं थिएटर खदखदून हसलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला. वर्गात तो बघण्यासाठीच तर मी रोज शाळेत जायची. त्या परत वर चढल्या.

"मंडळी, घ्याच ना एखादा प्रश्न!"

"आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," कोपऱ्यातला शेतकरी उठला, "मला फोडून काढतात आणि हिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ते का?"

मग काय, धरणच फुटलं. डास हिवाळ्यात जातात कुठे? लाल शर्ट घातला तर? एका मुलीने विचारलं, बसएवढा डास खरंच होईल का? डॉक्टर म्हणाल्या, "उंची, लांबी, रुंदी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायांची ताकद चौपटच वाढते. बसएवढ्या डासाचे पाय आधी मोडतील. तो तुला चावायच्या आधी तूच त्याला उठायला हात देशील." सिनेमा इतका उशिरा सुरू झाला की मला पॉपकॉर्न पुन्हा भाजावे लागले.

सिनेमा सुटल्यावर मिस्टर विटकॉम बाहेर आले, खुशीत. "मिस टोलेफ्सन, पुढच्या वर्षीही आम्हाला अनुदान द्यायचं आहे. घ्याल ना?"

आणि मार्व्हिस म्हणाली, "छे छे, नको! आमचं चाललंय. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

माझ्या हातातला डाव पॉपकॉर्नमध्ये पडला.

"असं?" मिस्टर विटकॉम म्हणाले. "खरं आहे, पुष्कळ गावं वाट बघताहेत. मग ठीक आहे." त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली. मार्व्हिसचा चेहरा पांढरा पडला. जिभेनेच घात केला होता. मी पुढे होणार, तेवढ्यात मागून तो खणखणीत आवाज आला.

"थांबा! परत विचारा."

"पण त्या नको म्हणाल्या," मिस्टर विटकॉम म्हणाले.

"म्हणूनच तर," डॉक्टर म्हणाल्या.

मिस्टर विटकॉमनी परत विचारलं. मार्व्हिस रडकुंडीला आली होती, तरी म्हणाली, "तुम्ही आधीच इतकं केलंत..."

"अजून एकदा," डॉक्टरांनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"मिस टोलेफ्सन, घ्याच आता."

"बरं," मार्व्हिस एका दमात म्हणाली, "तुम्ही इतका आग्रहच करताय तर घेते, घेते!" आणि तिथल्या तिथे रडली. एल्डनने तिला आपला रुमाल दिला. तो मात्र तिने पहिल्याच वेळी घेतला.

सगळं शांत झाल्यावर डोळे पुसून तिने ताट पुढे केलं. "मिस्टर विटकॉम, लिंबाची वडी?"

त्यांनी वडीकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. मग माझ्याकडे.

"नको नको," ते म्हणाले, आणि बटणं न लावता थांबले.