विहिरीला पहिला नंबर

दादाचं कॅमेऱ्यासमोर जुन्या व्हिडिओ गेमना नंबर देत दहावरून खाली येणं दुपारपासून चाललं होतं. दहावा नंबर रणगाड्यांना, नववा पिवळ्या गाडीला. लहानपणी आमच्या कॅसेटींवरची लेबलं कधीच निघून गेली होती आणि खरी नावं आम्हाला वाचताही येत नव्हती, म्हणून घरात गेमची नावं आमचीच. दादा आता ती खरी नावं घडाघडा बोलतो. चार हजार माणसं बघतात म्हणे त्याचं ते चॅनल. नव्वदच्या काळातले गेम, कोणता वरचा, कोणता खालचा, का. खाली कमेंटमध्ये लोक तावातावाने भांडतात.

आईच्या हॉलमध्येच तो हे सगळं करतो. त्याचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, पाठोपाठ वहिनी माहेरी गेली ती आलीच नाही, आणि गेले चौदा महिने तो आईकडे आहे. माझी लेक शाळेनंतर तिथेच असते, मी ऑफिसमधून सुटेपर्यंत. आज सुट्टी होती, तरी तिला मामाचं शूटिंग बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघी आलो होतो. नवऱ्याची ड्यूटी होती.

मुंगी म्हणतो आम्ही तिला. सात वर्षांची आहे. मामाने तिच्या हातात पांढरा थर्माकोल दिला होता, उजेड त्याच्या तोंडावर पडावा म्हणून. अर्धा तास ती तो धरून उभी होती. हात भरून आले तरी खाली करत नव्हती.

मला ते बघवत नव्हतं. गेल्याच आठवड्यात तिच्या शाळेत गेले होते. चार-चार मुलांच्या गटाने पुठ्ठ्याचं घर केलेलं. माझ्या मुलीने त्यात काय केलं, विचारलं, तर बाई कौतुकाने म्हणाल्या, "फार गुणी आहे हो. सगळ्यांना डिंक धरून देते." मी हसून हो म्हणाले. रात्री तिला विचारलं, तुला घर नव्हतं का करायचं? म्हणाली, "मला नाही येत. बाकीचे तिघं छान करतात." कापायची कात्री तिने हातातही घेतली नव्हती.

"आणि आता," दादा म्हणाला, "नंबर एक."

त्याने काळी कॅसेट वर धरली. मी ओळखली. विहीर. कंदील घेतलेला एक माणूस विहिरीत उतरत जातो, बारा स्टेज खाली, आणि शेवटच्या राक्षसाला मारून पुन्हा वर उजेडात येतो. टीव्हीला जोडायच्या त्या मशीनमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. प्रत्येक स्टेजनंतर स्क्रीनवर सोळा अक्षरांचा पासवर्ड यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तोच टाकायचा. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"कानामागून आला आणि तिखट झाला असा हा गेम," दादा कॅमेऱ्याला सांगत होता. "शेवटची स्टेज म्हणजे भल्याभल्यांची बोटं मोडतात. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये हा फक्त मी संपवला. माझी बहीण शेजारी वही घेऊन बसायची, पासवर्ड लिहायला. माझी सेक्रेटरी."

मुंगीने थर्माकोलच्या वरून माझ्याकडे बघितलं. हसली. ओळखीचं हसू होतं ते, आपल्यातलंच कुणी सापडल्यावर येतं तसं. त्या हसण्यानेच माझं तोंड उघडलं.

"दादा, विहीर मी आधी संपवली होती."

त्याने कॅमेरा बंद केला. "काय?"

"तुला गालगुंड झालं होतं तेव्हा. तू आतल्या खोलीत झोपून होतास. चार दुपारी बसून संपवली."

"ठकू, तू पहिल्या स्टेजच्या पायरीवरून पडायचीस. रडायचीस वर."

"आठ वर्षांची होते तेव्हा. हे नंतरचं आहे."

"बरं." तो उठला, कॅसेटला सवयीने फुंकर मारली, मशीनमध्ये घातली आणि रिमोट माझ्या हातात दिला. "कर. बारावी नको, पहिलीच कर. मुंगे, थर्माकोल ठेव, आई खेळतेय बघ तुझी."

नाही म्हणायला हवं होतं. मुंगी येऊन माझ्या गुडघ्याला टेकून बसली, म्हणून नाही म्हणाले नाही. पंचवीस वर्षांत हातात धरला नव्हता तो. माणूस पहिल्या पायरीवरून पडला. दुसऱ्यांदा कंदील विझला. तिसऱ्यांदा मी उडी मारण्याऐवजी थांबले आणि वटवाघळाने खाल्लं. तीन लाइफ, मिनिटही लागलं नसेल. हात दाखवून अवलक्षण.

"असू दे आई," मुंगी म्हणाली. माझ्या हातातून रिमोट सोडवून तिने मामाला दिला.

दादा हसला नाही, हे मला जास्त लागलं. "होतं गं असं," म्हणाला. "मलाही कधी कधी वाटतं की मी अमुक केलं होतं."

"आईला विचार," मी म्हणाले. "आई इथेच बसलेली असायची."

आई खरंच तिथेच बसायची. शाळेच्या युनिफॉर्मच्या शर्टांना बटणं लावायचं काम घरी आणायची ती, मांडीवर शर्टांचा ढीग आणि दातात दोरा. माणूस विहिरीतून वर आला, स्क्रीन पांढरी झाली, तेव्हा तिने मान वर करून विचारलं होतं, "संपला का एकदाचा?" मी आत दादाकडे पळणार, तर तिने माझा फ्रॉक धरला. "त्याला नको सांगूस इतक्यात. आजारी आहे. बरा झाला की सांग." बरा झाल्यावर त्याला माझ्या वहीतला बाराव्या स्टेजचा पासवर्ड मिळाला, त्याने तो टाकला आणि तीन दिवसांत राक्षस मारला. त्याला वाटलं, पासवर्ड त्याच्याच खेळातला, मी नुसता उतरवलेला. त्या दिवशी घरात एवढा आनंद होता की माझं सांगायचं राहून गेलं.

आई आता सोफ्याच्या कडेला बसून आमच्याकडे बघत होती. आधी माझ्याकडे, मग दादाकडे. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून सांगते, तिला आठवलं. डोळ्यांत आलं तिच्या ते.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "खेळायचा तो. तू वही घेऊन बसायचीस. चांगलं अक्षर होतं तुझं."

"झालं?" दादा म्हणाला, पण प्रेमाने. "चल मुंगे, उजेड."

मी स्वयंपाकघरात गेले. आई मागोमाग आली आणि उगाच नळ सोडून स्वच्छ कप विसळायला लागली.

"तुला आठवतंय," मी म्हणाले.

"हळू बोल. रेकॉर्डिंग चालू आहे त्याचं."

"आई."

"आठवतंय तर काय करू? सकाळी अकरापर्यंत उठत नव्हता तो. दाढी करत नव्हता. हे सुरू केल्यापासून अंघोळ करून बसतो. तुझं सगळं आहे गं. नोकरी आहे, नवरा आहे, गोड पोर आहे. त्याच्याकडे एक तो गेम आहे. तोही काढून घेतेस?"

"मी काढून नाही घेतला. माझा होता तो."

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. तू समजूतदार आहेस, म्हणून तुला सांगते. त्याला सांगता येत नाही."

"ती बघत होती, आई. माझी मुलगी."

"तिला काय कळतंय," आई म्हणाली आणि नळ बंद केला.

बाहेर दादाचा आवाज चढला होता. बाराव्या स्टेजचं वर्णन. राक्षसाच्या तीन उड्या मोजायच्या, चौथीला आपण वाकायचं. चूक होतं ते. चौथीला वाकून चालत नाही, चौथीला पळायचं आणि पाचवीला वाकायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहिले.

निघताना दादाने मुंगीच्या डोक्यावर टपली मारली. "एक नंबरची असिस्टंट." ती फुलून गेली.

रस्त्यावर ती दुकानांच्या पायऱ्या एकेक करून चढत-उतरत माझ्या बाजूने चालत होती. सिग्नलपाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, तू खरंच संपवला होतास तो गेम?"

"हो."

"आजी होती तिथे?"

"हो."

"मग आजी खोटं बोलली?"

आजीकडे तिला सोमवारी जायचं होतं, मंगळवारी, बुधवारी. आजीने वेणी घालायची होती, पाढे घ्यायचे होते. मला दुसरी सोय नाही. आणि मुंगीच्या पोटात काही राहत नाही, पहिल्याच दिवशी ती आजीला तोंडावर विचारणार.

"नाही," मी म्हणाले. "आजी विसरली."

"आणि मामा?"

"मामाला माहीतच नव्हतं."

दिवा हिरवा झाला. आम्ही ओलांडून पलीकडे आलो. ती हिशेब लावत होती, मला दिसत होतं. कपाळाला बारीक आठी.

"आजीला आठवत नाही, मामाला माहीत नाही, आणि तुला तर खेळताच आलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे तुलाच चुकून वाटलं असेल."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चुकून वाटलं तर चालतं," तिने मला समजावलं. "पण सगळ्यांसमोर मामाला खोटं पाडलंस ना तू. त्याचा व्हिडिओपण थांबवला. सॉरी म्हणायला पाहिजे."

"म्हणेन उद्या."

"आत्ता म्हण."

तिने माझ्या पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला, आणि मी नंबर लावेपर्यंत समोर उभी राहून नीट लक्ष ठेवून बघत राहिली.